एफ-११७ चे सुटे भाग: आतला माल उसना, बाहेरचं अंग स्वतःचं

प्रश्न आधी सगळ्यांसाठी मांडतो. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्या तुमच्या भाच्याला ऑनलाइन लिलावात ‘एफ-११७ स्टेल्थ विमानाचा अस्सल भाग’ म्हणून काळ्या रंगाचा एक डबा दिसला. मागे धातूची पट्टी, पट्टीवर तेरा आकडी नंबर, किंमत तीनशे डॉलर. तो खरा असेल का, दिवाळीला पुण्याला येताना तुमच्या संग्रहासाठी आणावा का, आणि २००८ मध्ये निवृत्त झालेलं, रडारला सहजी न दिसणारं हे अमेरिकी विमान अजून नेवाडात उडताना दिसतं तर त्याला सुटे भाग येतात कुठून, असे तुमचे तीन प्रश्न.

थोडक्यात सांगायचं तर डबा खरा असू शकतो. पण तो ‘फक्त एफ-११७ चा’ असण्याची शक्यता कमी, आणि खरोखर फक्त एफ-११७ चाच निघाला तर भाच्याने त्याच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं. हे उलटंसुलटं वाटेल, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

माझी नोकरी लढाऊ विमानांच्या दुरुस्तीत गेली, आणि त्यातला मोठा वेळ सुट्या भागांच्या मागे धावण्यात. आमची विमानं रशियन. एफ-११७ ला मी कधी हात लावलेला नाही. पण हे विमान आमच्या धंद्यातल्या लोकांना वेगळ्या कारणाने आवडतं. इतरांना त्याचा कोनाकोनांचा आकार दिसतो, आम्हाला दिसते ती त्याची भागांची यादी. असं उसनवारीवर उभं राहिलेलं विमान दुसरं क्वचितच असेल.

सुरुवात ‘हॅव ब्लू’पासून करावी लागते. लॉकहीड या अमेरिकी विमान कंपनीच्या स्कंक वर्क्स या गुप्त कामांच्या विभागाने बनवलेलं हे छोटं प्रायोगिक विमान १ डिसेंबर १९७७ रोजी नेवाडातल्या ग्रूम लेकच्या गुप्त तळावरून पहिल्यांदा उडालं, चालवत होते बिल पार्क. त्याची जे-८५ इंजिनं नौदलाच्या टी-२ बकाय या प्रशिक्षण विमानाची, चाकांचा सांगाडा एफ-५ चा, फ्लाय-बाय-वायर यंत्रणा, म्हणजे वैमानिकाचे हुकूम तारांवाटे पोचवणारी, एफ-१६ ची. सिद्ध करायचं होतं ते एवढंच, की सपाट पृष्ठं ठरावीक कोनांत जोडली तर रडारच्या लहरी आल्या वाटेने परत जात नाहीत, भलतीकडे फेकल्या जातात. बाकीचं विमान जुळवाजुळवीचं असलं तरी चालणार होतं. अशी दोन विमानं बनली आणि दोन्ही पडली, एक मे १९७८ मध्ये, दुसरं जुलै १९७९ मध्ये. तोपर्यंत मुद्दा सिद्ध झालेला होता.

सपाट पृष्ठंच का, हे अनेकदा विचारलं जातं. सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिमत्सेव यांनी कडांवरून लहरी कशा विखुरतात याचं गणित १९६२ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. लॉकहीडच्या डेनिस ओव्हरहोल्सर यांनी ते उचललं आणि त्यावर संगणकाचा प्रोग्रॅम लिहिला. त्या काळच्या संगणकाला वळणदार पृष्ठांचा हिशेब झेपत नव्हता, त्रिकोणी-चौकोनी सपाट तुकड्यांचा झेपत होता. म्हणून विमान तसं. पुढे संगणक वाढले आणि नंतरचं स्टेल्थ बॉम्बर बी-२ गोलाईदार झालं.

आता खरं विमान. नोव्हेंबर १९७८ मध्ये ‘सीनियर ट्रेंड’ या गुप्त नावाने काम सुरू झालं आणि १८ जून १९८१ रोजी हॅल फार्ली यांनी पहिलं एफ-११७ उडवलं. अडीच वर्षांत नवं लढाऊ विमान! आपल्याकडे तेवढ्यात निविदेचा मसुदासुद्धा मंजूर होत नाही. हा वेग आला कारण त्यांनी नवीन फारसं काही बनवलंच नाही. इंजिनं जनरल इलेक्ट्रिकची एफ-४०४, म्हणजे एफ/ए-१८ हॉर्नेटचीच, फक्त जादा जोरासाठी मागे इंधन जाळणारा आफ्टरबर्नर काढून टाकलेली. कॉकपिटमधले माहिती दाखवणारे पडदे (स्क्रीन) आणि वैमानिकाच्या डोळ्यांसमोरचा हेड-अप डिस्प्लेही हॉर्नेटच्या घरातला. उड्डाण नियंत्रणाचे संगणक एफ-१६ चे. मार्ग दाखवणारी जडत्वाधारित यंत्रणा बी-५२ बॉम्बरवरची. कॉकपिटमध्ये थंड हवा सोडणाऱ्या यंत्रणेचं मूळ सी-१३० या मालवाहू विमानात. वैमानिकाची खुर्ची एसेस-२, जी एफ-१५, एफ-१६, ए-१० या सगळ्यांत बसते.

यामागे घाई होती, काटकसर होती, आणि तिसरं कारण होतं लपवाछपवीचं. विमान अस्तित्वातच नाही असं सांगायचं असेल तर त्याच्यासाठी खरेदीही होता कामा नये. म्हणून हे भाग अंदाजपत्रकात एफ-१६, एफ-१५, एफ/ए-१८ यांचे ‘सुटे भाग’ म्हणून दाखवले जात. हिशेब तपासणाऱ्याला वाटावं की हॉर्नेटची इंजिनं जरा जास्तच खराब होतायत. जिथे हे विमान राहायचं त्या नेवाडातल्या टोनोपाच्या तळावरच्या तुकडीकडे, ४४५० व्या टॅक्टिकल ग्रुपकडे, दाखवायला ए-७ ही जुनी, साधी विमानं होती. १९८३ च्या ऑक्टोबरपासून तुकडी सज्ज होती आणि अमेरिकेच्या संरक्षण खात्याने असं विमान आहे हे मान्य केलं १० नोव्हेंबर १९८८ रोजी, तेही एका धूसर फोटोसकट. तोवर उड्डाणं रात्रीचीच.

स्टोअरमध्ये काम केलेल्या माणसाने क्षणभर टोनोपाच्या भांडारपालाच्या जागी स्वतःला ठेवून बघावं. तळावर एकही एफ-१६ नाही, पण पेट्यांवर एफ-१६ चे नंबर. मागणीपत्रावर विमानाचं नाव लिहायचं नाही. वर कोणी विचारलं तर आपण ए-७ वाले. हे सगळं पाच वर्षं, एकही पेटी भलतीकडे न जाता चालवणं ही मला त्या आकाराच्या शोधाइतकीच मोठी गोष्ट वाटते.

तर आता तुमच्या डब्याकडे. पट्टीवरचा तेरा आकडी नंबर म्हणजे एनएसएन, नाटो देशांच्या साठा-पद्धतीतला क्रमांक. पहिले चार आकडे मालाचा वर्ग सांगतात. १५६० म्हणजे विमानाच्या सांगाड्याचे भाग, १६३० म्हणजे चाकं-ब्रेक, २८४० म्हणजे जेट इंजिन आणि त्याचे भाग, ६६१० म्हणजे उड्डाणाची उपकरणं, ६६१५ म्हणजे ऑटोपायलटसंबंधी. पुढचे दोन आकडे देशाचे: अमेरिकेचे ०० किंवा ०१. (भारताचा आकडा ७२ आहे; आपणही या पद्धतीत आहोत हे अनेकांना माहीत नसतं.) उरलेले सात आकडे नुसते ओळीने दिलेले, त्यांना काही अर्थ नाही. यात विमानाचं नाव कुठेच येत नाही. ६६१५ ने सुरू होणारा तोच डबा एफ-१६ मध्येही बसेल आणि एफ-११७ मध्येही. नंबरवरून विक्रेता ‘एफ-११७ चा’ म्हणत असेल तर तो अर्धंच बोलतोय. एफ-१६ चा डबा पन्नास डॉलरला जातो आणि स्टेल्थचं नाव लावलं की तीनशेला, हे गणित त्यालाही कळतं.

मग भाग एखाद्या विशिष्ट विमानातून निघाला हे कशावरून ठरतं? पट्टीवरून नाही, कागदावरून. भागाला लटकवलेलं कार्ड बघायचं: अमेरिकी लष्करात पिवळं म्हणजे वापरायला तयार, हिरवं म्हणजे दुरुस्तीयोग्य, लाल म्हणजे मोडीत. कार्डावर भागाचा स्वतःचा अनुक्रमांक पट्टीशी जुळतो का, कोणत्या तळावर तो काढला, काढण्याचं कारण काय, हे असेल तर बोलण्यात दम आहे. तळ टोनोपा किंवा न्यू मेक्सिकोतला हॉलोमन असेल (१९९२ पासून विमानं हॉलोमनला होती) तर आणखी बरं. नुसतं विक्रेत्याने लिहून दिलेलं ‘सत्यता प्रमाणपत्र’ असेल तर ते पेटीला चिकटवून ठेवण्यापुरतंच. सुट्या भागाला कागद नसेल तर आमच्या लेखी तो भागच नव्हे, चांगल्या वजनाचा धातू.

फक्त एफ-११७ चं असं जे काही होतं ते बाहेर होतं. इंजिनाच्या तोंडावरची जाळी घ्या. रडारची लहर इंजिनाच्या फिरत्या पात्यांवर पडली तर ती भसकन परत येते, म्हणून हवा आत घेणाऱ्या तोंडावर साधारण दीड सेंटिमीटर घरांची जाळी बसवली. लहरीला ही घरं भिंतीसारखी वाटतात, हवेला वाट मिळते. मागे इंजिनाचा धूर बाहेर पडतो तिथे लांबच लांब, चपटी फट. गरम वायू पातळ थरात पसरून थंड हवेत मिसळावा म्हणून. त्या फटीच्या खालच्या ओठावर उष्णता सोसणाऱ्या फरशा. कॉकपिटच्या काचांवर सोन्याचा पातळ थर, नाहीतर वैमानिकाचं शिरस्त्राणच रडारवर चमकलं असतं. प्रत्येक दरवाजाची, झाकणाची कड करवतीच्या दातांसारखी. आणि सगळ्यावर रडारच्या लहरी शोषणारा लेप, जो सुरुवातीला लिनोलियमसारख्या पत्र्यांच्या रूपात कापून चिकटवायचे. पुढे त्याच्या जागी यंत्राने फवारायची पद्धत आली.

या बाहेरच्या अंगाची देखभाल म्हणजे वैताग होता. साध्या विमानात झाकण उघडायचं तर स्क्रू काढले, काम केलं, स्क्रू लावले. इथे आधी फटीत भरलेली लांबी (पुट्टी) खरवडायची, मग स्क्रू, मग काम, पुन्हा स्क्रू, पुन्हा लांबी, ती सुकू द्यायची, मग तपासणी. स्कंक वर्क्सचे प्रमुख बेन रिच हॅव ब्लूच्या काळातला एक किस्सा सांगत. एका चाचणीत विमान अचानक रडारवर ठळक दिसायला लागलं. शोधलं तर तीन स्क्रू पूर्ण आवळलेले नव्हते, डोकी पाव इंचाच्याही निम्म्याहून कमी वर राहिली होती. तीन स्क्रू! आमच्याकडे नव्या पोरांना स्क्रूच्या महतीवर व्याख्यान द्यायची वेळ आली की मी हाच दाखला द्यायचो, आणि त्यांना तो खोटा वाटायचा.

याच्या उलट टोकाची गोष्ट १४ सप्टेंबर १९९७ ची. मेरीलँडमध्ये विमानांची प्रात्यक्षिकं चालू असताना एक एफ-११७ लोकांच्या डोळ्यांदेखत मोडलं. डावा पंख थरथरला आणि तुटून पडला. वैमानिक बाहेर फेकला जाऊन वाचला. चौकशीत निघालं ते असं: डाव्या पंखाच्या मागच्या कडेवरचं हलतं पातं ज्या आधाराला धरून असतं, त्या आधाराचे पाचपैकी चार फास्टनर, म्हणजे जोडणारे बोल्ट, जागेवर नव्हते. आधीच्या एका दुरुस्तीत ते काढले गेले आणि परत बसवलेच नाहीत. वरून लेप, लांबी, सगळं व्यवस्थित. बाहेरून बघणाऱ्याला कळायची सोयच नव्हती. साध्या विमानात उघड्या फटीतून कुणाच्या तरी नजरेला रिकामं भोक पडलं असतं. इथे ते झाकलं गेलं, आणि ते झाकणं हीच इथली चांगली कारागिरी समजली जायची. स्टेल्थ विमानाच्या देखभालीत मला सगळ्यात भीतीदायक वाटतं ते हेच.

(गुप्त विमानाची सुरुवातही अशीच झाली होती. लढाऊ मालिकेतलं पहिलं विमान २० एप्रिल १९८२ रोजी पहिल्याच उड्डाणात धावपट्टीवर कोसळलं, कारण जोडणीत दोन सेन्सरच्या तारा एकमेकींच्या जागी लागल्या होत्या. भाग दोन्ही उत्तम, नवेकोरे.)

आता भाच्याने हा डबा आणावा का. अमेरिकेत युद्धसामग्रीची एक अधिकृत यादी आहे. तिच्या आठव्या विभागात, विमानांच्या भागांच्या उपकलमात, काही विमानं नावानिशी घातली आहेत: बी-१बी, बी-२, बी-२१, एफ-२२, एफ-३५ वगैरे. त्यांच्यासाठी खास घडवलेला कोणताही भाग, मग तो केवढासाही असो, या यादीत येतो. एफ-११७ चं नाव त्यात आजही आहे. निवृत्तीने त्याची सुटका झालेली नाही. साधे नट-बोल्ट-वायसर यातून वगळले आहेत, पण त्या विमानासाठी घडवलेली ब्रॅकेटची पट्टीसुद्धा येते. असा भाग परराष्ट्र खात्याच्या परवान्याशिवाय देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, आणि बॅगेत कपड्यांच्या घडीत ठेवून पुण्याला आणणं ही निर्यातच. शिक्षा वीस वर्षांपर्यंत, दंड प्रत्येक गुन्ह्याला दहा लाख डॉलरपर्यंत. तांत्रिक आराखडे किंवा दुरुस्तीची पुस्तिका असेल तर ती अमेरिकेतच एखाद्या परदेशी नागरिकाच्या हातात देणंसुद्धा निर्यात धरलं जातं. एच-१बी वाला त्या व्याख्येत परदेशीच, ग्रीन कार्डवाला नाही. म्हणजे विक्रेत्याने ‘सोबत मॅन्युअल फुकट’ म्हटलं तर ते आधी नाकारायचं.

डबा एफ-१६ चा किंवा हॉर्नेटचा निघाला तर? मग तो बहुतेक वाणिज्य खात्याच्या यादीत जातो. कलम बदलतं, पण भारतात आणायला परवाना सहसा तरीही लागतोच.

हे लोक एवढे कडक का, याला इतिहास आहे. एफ-१४ टॉमकॅट सप्टेंबर २००६ मध्ये अमेरिकी नौदलातून गेलं. ते वापरणारा जगात दुसरा देश एकच होता, इराण. त्याचे सुटे भाग सरकारी लिलावातून दलालांमार्फत तिकडे पोचतायत अशी शंका पक्की होत गेल्यावर २००७ मध्ये विक्री थांबवली आणि उभी विमानं अक्षरशः कापून, चिरडून त्यांचे तुकडे केले. एफ-११७ च्या बाबतीत तर कातडीच रहस्य. प्रत्येक भागाला ‘डीमिल’ नावाचं एक अक्षर दिलेलं असतं: ‘ए’ असेल तर तसाच विका, ‘डी’ असेल तर ओळखू येणार नाही इतका मोडा. बाहेरच्या अंगाचा भाग ‘ए’ असण्याची आशा सोडूनच द्या. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पामडेलला एक जुनं प्रायोगिक एफ-११७ यंत्राने चिरडून, हे विमान मोडायचं कसं, याची चाचणीच घेतली होती.

आणि शोधणारे खरोखर शोधतात. २७ मार्च १९९९ च्या रात्री सर्बियातल्या बुजानोव्त्सी गावाजवळ एक एफ-११७ एस-१२५ या जुन्या सोव्हिएत क्षेपणास्त्राने पाडलं गेलं. वैमानिक डेल झेल्को यांना अमेरिकनांनी सोडवून नेलं, पण विमान शेतात पडून राहिलं. गावकऱ्यांनी तुकडे घरी नेले. पंखाचा मोठा भाग आणि कॉकपिटचं झाकण आज बेलग्रेडच्या विमान संग्रहालयात आहे. बाकीच्यांपैकी काही तुकडे चिनी हस्तकांनी विकत घेतले, असा दावा क्रोएशियाच्या एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याने २०११ मध्ये केला होता. त्याआधी १९८६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डोंगरात एक विमान पडलं तेव्हा ते गुप्त होतं. हवाई दलाने डोंगराला पहारा बसवला, माती चाळून तुकडे गोळा केले, आणि असं सांगतात की मग तिथे एफ-१०१ या जुन्या लढाऊ विमानाचं भंगार पसरून ठेवलं. बनावट सुट्या भागांचा असा सरकारी वापर मी दुसरा ऐकलेला नाही.

ज्यांना हे अमेरिकन नाटक वाटतं त्यांच्यासाठी आपल्या मातीतलं एक नाव: नोशिर गोवाडिया. मुंबईत जन्मलेले, नॉर्थ्रॉपमध्ये बी-२ च्या इंजिन-प्रणालीवर काम केलेले अभियंता. चीनला क्षेपणास्त्राचं शत्रूला न दिसणारं नळकांडं, म्हणजे इंजिनाची मागची वाट, बनवायला मदत केल्याबद्दल २०१० मध्ये दोषी ठरले आणि २०११ मध्ये ३२ वर्षांची शिक्षा झाली. इंजिनाचा धूर बाहेर कसा सोडायचा या एका गोष्टीला एवढी किंमत आहे.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला. २२ एप्रिल २००८ ला निवृत्तीचा समारंभ झाला. कारण साधं होतं, एफ-२२ या नव्या स्टेल्थ विमानासाठी पैसा हवा होता. निवृत्त अमेरिकी विमानं सहसा ॲरिझोनाच्या वाळवंटात उघड्यावर उभी राहतात. ही मात्र टोनोपाच्या आपल्या जुन्याच हँगरमध्ये गेली, पंख उतरवून, हवामान नियंत्रित ठेवून. गरज पडली तर परत उडवता आली पाहिजेत, अशी अटच अमेरिकी संसदेने घातली होती. ही अट पुढे २०१७ च्या संरक्षण कायद्याने उठवली आणि वर्षाला चार विमानं मोडीत काढण्याची योजना आली. तिथूनच संग्रहालयांना विमानं मिळायला लागली: कॅलिफोर्नियात रेगन ग्रंथालय, पाम स्प्रिंग्स आणि कॅसल, युटात हिल, मिशिगनमध्ये कॅलामझू. ती पोचतात तेव्हा लेप खरवडलेला असतो, पंखांच्या पुढच्या कडा काढून घेतलेल्या असतात. हिलच्या मंडळींना त्या कडा नव्याने घडवाव्या लागल्या. संग्रहालयात एफ-११७ बघाल तेव्हा त्याच्या सगळ्यात धारदार रेषेकडे याच संशयाने बघा. त्यातल्या त्यात जुनं विमान बघायचं तर ओहायोतल्या डेटनच्या हवाई दल संग्रहालयात १९९१ पासून एक प्रायोगिक विमान उभं आहे.

उरलेल्यांपैकी काही उडतात. सप्टेंबर २०२१ मध्ये दोन विमानं कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोला उतरली आणि हवाई दलाने ते उघडपणे सांगितलं. काम शत्रूची भूमिका करण्याचं: रडारला कमी दिसणारं लक्ष्य म्हणून ही वापरायची आणि आपल्या वैमानिकांना, रडारवाल्यांना शिकवायचं. २०२२ मध्ये हवाई दलाने देखभालीच्या दहा वर्षांच्या कंत्राटासाठी विचारणाही केली, म्हणजे आणखी दहाएक वर्षांचा विचार आहे.

भाग कुठून? मुख्यतः शेजारच्या हँगरमधल्या भावंडांकडून. आमच्या भाषेत कॅनिबलायझेशन. एकाचं काढून दुसऱ्याला लावायचं. एरवी हा शब्द वरिष्ठांसमोर काढायची सोय नसते, कारण त्याचा अर्थ पुरवठा कोलमडलाय असा होतो. आम्हीही एका विमानाचा पंप दुसऱ्याला लावून सकाळचं उड्डाण साधायचो आणि संध्याकाळी दोन विमानांच्या वह्या भरत बसायचो. पण थोडी विमानं उडवायची आणि जास्त उभी असतील तर हाच सगळ्यात शहाणा मार्ग. काढलेला भाग आधी चाललेला असतो, कागद सोबत असतो, पुन्हा कुणाला कारखाना सुरू करायला सांगावा लागत नाही.

यात एक मेख आहे. उभं विमान म्हणजे गोठवलेलं विमान नव्हे. रबरी सील वाळतात, टायर चपटे होतात, हायड्रॉलिकच्या नळ्यांची मुदत कॅलेंडरवर चालते, उड्डाणांवर नाही. खुर्ची बाहेर फेकणारी काडतुसं दारूची. ती न वापरताच कालबाह्य होतात आणि कुठल्याही भावंडाची तितकीच जुनी. अशा मालासाठी बाजारातच जावं लागतं, आणि इथे ती जुनी उसनवारी कामी येते. एसेस-२ खुर्ची अजून एफ-१६ मध्ये आहे, म्हणून काडतुसं मिळतात. हेच विमान सगळं नवीन, सगळं स्वतःचं घेऊन जन्मलं असतं तर एव्हाना केव्हाच खाली बसलं असतं.

इंजिनाचं तर नातं थेट नाशिकपर्यंत येतं. आपल्या तेजसचं एफ-४०४-आयएन२० त्याच कुळातलं, फक्त आफ्टरबर्नरसकट. ओझरच्या एचएएलमध्ये तेजसची तिसरी जोडणी-रांग आहे आणि तिथलं पहिलं तेजस मार्क-१ए ऑक्टोबर २०२५ मध्ये उडालं. कुळ एक म्हणून भाग सरसकट अदलाबदल करता येतात असं समजू नका. प्रत्येक उपप्रकाराची स्वतःची यादी असते. पण त्या कुळाचं उत्पादन चालू राहिलं की जोडभाग, बेअरिंग, दुरुस्तीचं कसब सगळ्यांनाच मिळत राहतं. आणि थांबलं की काय होतं तेही आपण पाहिलं: आयएन२० ची उत्पादन-रांग पाच वर्षं बंद होती. २०२१ मध्ये ९९ इंजिनांची ऑर्डर दिली, पहिलं इंजिन मार्च २०२५ मध्ये हाती आलं. आराखडा होता, कंपनी होती, पैसे होते. छोटे पुरवठादार पांगले होते, त्यांना पुन्हा गोळा करायला एवढा वेळ गेला.

म्हणून माझा अंदाज विचाराल तर एफ-११७ इंजिनापायी जमिनीवर बसणार नाही. लेपापायीही नाही, कारण आताच्या कामाला पूर्वीइतकं अदृश्य असणं लागतच नाही. ते बसेल ते बी-५२ कडून आलेल्या त्या जुन्या दिशादर्शकाच्या एखाद्या सर्किट कार्डापायी, किंवा सोन्याचा थर दिलेल्या एका तावदानापायी, जे बनवणारा माणूस निवृत्त झालाय आणि ज्याचा शेवटचा नग शेजारच्या हँगरमधून आधीच काढलेला आहे.